मोटारीतली दिवेलागण

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या सिद्रामप्पांच्या मोटारीनं जन्मात रात्र पाहिली नव्हती. मोटार काळी, इंग्रजी बनावटीची, वयानं सिद्रामप्पांपेक्षा थोडीशीच लहान. त्यांच्या वडिलांनी ती एका गिरणीच्या गोऱ्या मॅनेजरकडून घेतली होती. साहेब मायदेशी निघाला होता, आणि निघता निघता त्यानं मोटारीबद्दल दोन गोष्टी सांगितल्या. एक, पाणी लवकर तापतं, तेव्हा तापमानाच्या काट्यावर कायम नजर ठेवा. दोन, डॅशबोर्डचा दिवा लागत नाही. पहिली गोष्ट घरानं शिरसावंद्य मानली. दुसरी दुरुस्त करावी असं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण साहेबानं सांगितलं म्हणजे ते तसंच असणार. दोन्हींचा मिळून नियम तयार झाला: अंधारात काटा दिसत नाही, काटा दिसत नसेल तर मोटार हाकायची नाही, सबब दिवस मावळायच्या आत मोटार घरी.

सिद्रामप्पा हा नियम किती कडक पाळत, हे पेठेतल्या कुणालाही विचारावं. एकदा मंगळवेढ्याहून परतताना दिवस मावळला तो नेमका पेठेच्या तोंडाशी. तिथून घराचं दार दिसत होतं. दारात उभी राहून हात हलवणारी सून दिसत होती. सिद्रामप्पांनी तिथंच, पिठाच्या गिरणीसमोर, मोटार उभी केली, काचा वर घेतल्या आणि चालत घरी आले. सकाळी अंघोळ करून ते परत गेले, मोटारीत बसले आणि उरलेला रस्ता कापून दारात उतरले. उतरल्यावर त्यांनी पाय धुवायला पाणी मागितलं.

मोटार हाकायची ती फक्त त्यांनी. सिद्रामप्पांच्या मुलानं, म्हणजे नातू महेश्वरच्या अप्पांनी, तरुणपणापासून स्टिअरिंग मागितलं. दर वेळी उत्तर यायचं, "बघू की." अप्पांनी केस पांढरे होईपर्यंत वाट पाहिली आणि शेवटी स्कूटर घेतली. नातवाची म्हणजे महेश्वरची स्थिती त्याहून थोडी बरी होती. त्याला स्टिअरिंग पुसायची परवानगी होती, पण बाहेर उभं राहून, खिडकीतून हात घालून. महेश्वर तिशीचा, ताडपत्रीचं दुकान सांभाळणारा, मित्रांच्या गाड्या घेऊन हैदराबादपर्यंत जाऊन आलेला माणूस. घरच्या मोटारीत मात्र तो डाव्या बाजूला बसायचा आणि अज्जांनी, म्हणजे आजोबांनी, विचारलं तरच बोलायचा.

अशात त्याचं लग्न ठरलं.

मुलगी दुधनीची, शिवानी. तिचे वडील वीरभद्रप्पा यांची तुरीची अडत. शिवानी बी.कॉम. झालेली, अडतीचा हिशेब बघायची आणि माल पोचवायचा पिकअप स्वतः हाकायची. तिच्याबद्दल दुधनीत एक गोष्ट सांगत: याआधीच्या एका मुलानं तिला फिरायला नेलं होतं, तो गिअर बदलताना खाली बघतो, एवढ्यावर तिनं नकार कळवला. मुलगा डॉक्टर होता.

मुलगी बघायला मंडळी मोटारीनंच गेली, अर्थात सकाळी. अर्धी दुधनी मोटारीभोवती जमली. सिद्रामप्पा अंगणात तिच्या रेडिएटरवर तांब्यानं पाणी ओतत उभे होते आणि आत महेश्वर चुरमुऱ्यांच्या सुसल्याचा पहिला घास तोंडात घालत होता, तेवढ्यात शिवानीनं त्याला एकच प्रश्न विचारला.

"ती मोटार तुमीच चालवता व्हय?"

उत्तर महेश्वरच्या आईनं दिलं. रत्नम्मा पटकन म्हणाल्या, "तोच चालवतोय की. दुसरं कोण चालवणार."

भरल्या तोंडानं माणसाला नाही म्हणता येत नाही. मान हलवावी तर ती कुठल्याही दिशेला हललेली सोयरिकीच्या वेळी होकारच धरतात. महेश्वरनं घास गिळेपर्यंत साखर वाटून झाली होती. शिवानीनं त्याच्याकडे पाहिलं ते चांगल्या नजरेनं पाहिलं, आणि तिथंच तो फसला. ती नजर त्याला आवडली होती. ती तशीच राहावी असं त्याला वाटत होतं, आणि ती तशी राहायची तर लग्नानंतर दुधनीहून निघताना, सगळ्या गावादेखत, स्टिअरिंगवर तो असायला हवा होता.

त्यात लग्न लावणाऱ्या स्वामींनी मुहूर्त काढला गोरज. म्हणजे अक्षता पडणार दिवस मावळताना, जेवणं होणार त्यानंतर, आणि वरात निघणार ती अंधारात. रत्नम्मांनी सुचवलं, भाड्याची एसी गाडी सांगू. नातेवाइकांनी सुचवलं. स्वामींनीही, त्यांच्या विषयातलं नसताना, सुचवलं. सिद्रामप्पांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. या घरात आलेली प्रत्येक सून मोटारीतून आली होती, रत्नम्मासुद्धा, आणि आणणारे ते स्वतः होते. ते महेश्वरकडे वळले आणि गेल्या सत्तर वर्षांत घरात कुणी उच्चारलं नव्हतं ते वाक्य त्यांनी सहज बोलून टाकलं.

"दिवा बसवून घे."

पेठेत दिवे बसवणारा म्हणजे बसू. बसूचा मूळ धंदा मंडळांच्या आणि मिरवणुकांच्या रोषणाईचा. त्याच्या हातून लागलेला दिवा आजवर एका जागी थांबला नव्हता. त्याचे दिवे पळायचे, फुलायचे, कारंजं व्हायचे, हत्ती होऊन सोंड उचलायचे. बसूनं मोटारीत डोकं घातलं, डॅशबोर्डवरून हात फिरवला आणि म्हणाला की महेशअण्णा, ह्यात जागा लई हाय. महेश्वरनं त्या वाक्याचा अर्थ तिथंच विचारायला हवा होता.

काम झाल्यावर सिद्रामप्पांना दाखवायला बोलावलं. मोटार दारात उभी, बंद. सिद्रामप्पा आत बसले आणि त्यांनी बटण ओढलं. स्पीडच्या चकतीमागे गुलाबी दिवा लागला. तो विझता विझता तेलाच्या काट्यामागे हिरवा लागला, मग पेट्रोलच्या काट्यामागे निळा, आणि शेवटी घड्याळाशी मोर फुलला. मोराचा पिसारा मिटला की पुन्हा गुलाबीपासून सुरू.

आता या घरातली एक रीत सांगायला हवी. दिवेलागणीला दिवा लागला की त्याला हात जोडायचे. पुष्कळ घरांत जोडतात. पण या घरात समई आणि ट्यूबलाइट असा भेद नव्हता. लागलेला दिवा तो दिवा. फ्रिज उघडायच्या आधी रत्नम्मा हातातलं पातेलं खाली ठेवत.

तेव्हा गुलाबी दिवा लागला तसे सिद्रामप्पांनी डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तर हिरवा. तो नवा दिवा, त्यालाही जोडले. मग निळा. मग मोर. मोर संपेपर्यंत गुलाबी पुन्हा नव्यानं लागला होता. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की म्हातारा एकटाच बसून टाळ्या वाजवतोय. बसूला तसंच वाटलं आणि तो लाजला.

महेश्वरनं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि त्याला त्यात काहीही दिसलं नाही. मोटार उभी होती. उभ्या मोटारीत माणसानं कितीही नमस्कार केले तरी काही बिघडत नाही. त्याला खटकले ते रंग. त्यानं बसूला बाजूला घेतलं आणि सांगितलं की एकच दिवा हवा, पिवळा, जागेवर थांबणारा. काटे दिसले की झालं.

"म्हंजे नुसता उजेड?" बसूनं विचारलं.

"नुसता उजेड."

बसू पायरीवर बसला. घरातलं कुणी गेल्यासारखा तो बराच वेळ बसून राहिला. नुसता उजेड कुनीबी पाडतंय अण्णा, त्याला मी कशाला, असं त्याचं म्हणणं. पण मोठ्या मनाचा माणूस, त्यानं मोर काढला, हिरवा-निळा काढला, आणि एक पिवळा दिवा असा बसवला की सगळ्या चकत्यांवरचे आकडे लोण्यातून वर आल्यासारखे दिसू लागले. सिद्रामप्पांनी हात जोडले, एकदाच, आणि काम पसंत केलं.

चाचणीला तिघं निघाले, मंगळवेढ्याच्या रस्त्यानं. सिद्रामप्पा स्टिअरिंगवर, महेश्वर शेजारी, मागे पक्कड घेऊन बसू. गावाबाहेर पडेपर्यंत ऊन उतरलं. दिवस मावळला त्या क्षणी सिद्रामप्पांच्या पायानं आपोआप ब्रेक दाबला आणि मोटार बाजूला उभी राहिली. ते उतरून चालू लागणार होते. महेश्वरनं आठवण करून दिली की आज पुढं जायचंय. सिद्रामप्पा परत बसले. मोटारीनं पहिल्यांदाच अंधाराच्या दिशेनं चाकं टाकली. वेग बरा लागल्यावर सिद्रामप्पांनी बटण ओढलं.

दिवा लागला. पिवळा, शांत, जागेवरचा. तापमानाचा काटा स्वच्छ दिसत होता. सिद्रामप्पांनी डोळे मिटून दोन्ही हात जोडले.

मोटार सरळ स्वभावाची. ती सोडल्या हातानंही सरळच गेली. रस्ता मात्र पुढं उजवीकडं वळला. तिथं मंगळवेढ्याकडच्या कोंडीबांनी विकायला आणलेल्या कडब्याची गंज रचली होती, आणि मोटार कुठलाही आवाज न करता, लोण्यात सुरी जावी तशी, तिच्यात शिरली.

आत लई शांत होतं. चहूबाजूंनी कडबा, खिडक्यांतून आत आलेली ज्वारीची ताटं, आणि मधोमध बसूचा पिवळा दिवा. तो हललासुद्धा नव्हता. बाहेर कोंडीबा बिडी ओढत बसले होते. त्यांना आपली गंज आतून उजळलेली दिसली. त्यांनी बिडी विझवून आधी हात जोडले. मग विचारलं, आत कोण हाय.

"आमी शुक्रवार पेठेतले," सिद्रामप्पा आतून म्हणाले.

"गंजीत काय करताय?"

"काटा बघतोय," सिद्रामप्पा म्हणाले, आणि ते खरंच होतं. काटा ठीक होता. पाणी तापलं नव्हतं.

कोंडीबांनी पेंढ्या ओढून दार मोकळं केलं. कोण हाकत होतं, हात कुठं होते, हे त्यांनी विचारून घेतलं. हात दिव्याला जोडले होते, हे कळल्यावर त्यांचं पूर्ण समाधान झालं. त्यात विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण मग ते महेश्वरकडे वळले. "आन् तुमी शेजारी बसून काय करत हुता? तुमाला धरता न्हाय आलं व्हय चाक?"

महेश्वरनं खाली पाहिलं. त्याचे हात छातीशी जोडलेले होते. कधी जोडले गेले ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं मागे पाहिलं. बसूचेही जोडलेले होते, मध्ये पक्कड.

त्या रात्री घरात चर्चा झाली. दिवा दुपारपासूनच लावून ठेवला तर तो अंधारात नव्यानं लागणार नाही, असं महेश्वरनं मांडलं. सिद्रामप्पा म्हणाले, दिवसाढवळ्या दिवा कोण लावतं, आणि तेही नव्या नवरीच्या मोटारीत. बरं, हेडलाइटला तुम्ही हात जोडत नाही, मग यालाच का, महेश्वरनं विचारलं. हेडलाइट रस्त्याचा दिवा, सिद्रामप्पा म्हणाले, हा घरातला. दिवा न लावता शेजारच्यानं मोबाइलच्या उजेडात काटा बघावा, असं अप्पांनी सुचवलं आणि मोबाइलचा उजेड पाडून दाखवला. सगळ्यांनी त्याला हात जोडले. अप्पांनी मोबाइल खिशात ठेवला.

त्यात बसूनं वाईट बातमी आणली. गंजीतून निघताना कुठंतरी तार हलली होती आणि आता चाक खड्ड्यात गेलं की दिवा विझायचा, वर आलं की लागायचा. मोटारीचं अंगच इतकं जुनं की पकड कुठं सुटते ते सापडत नव्हतं. दुधनीच्या रस्त्यावरचे खड्डे सगळ्यांना ठाऊक होते. कुणी मोजायच्या भानगडीत पडलं नाही.

शेवटी महेश्वर बोलला. घाबरत नाही, पण चाचरत बोलला. "अज्जा, दोन कामं एका माणसाच्यानं व्हायची न्हाईत. चाक धरायचं की दिव्याला हात जोडायचे. तुमी हात जोडा. चाक मी धरतो."

सिद्रामप्पांनी भाकरी मोडली, शेंगाचटणी लावली, खाल्ली. पुढची मोडली. जेवून उठले. दुसऱ्या दिवसापासून ते मोटारीत जाऊन बसत, बटण ओढत, हात जोडत, बटण ढकलत. दोन्हींतलं एक सोडायचं होतं आणि माणूस खरोखर झुरत होता. मग एका संध्याकाळी घरात येऊन ते म्हणाले, "दिवा सोडवत न्हाय. जाताना मी नेतो, येताना तू आण." आणि मोटारीची किल्ली पहिल्यांदा कुणा दुसऱ्याच्या तळहातावर ठेवली गेली. अप्पा ते बघून उठले आणि स्कूटर पुसायला गेले.

महेश्वरला हवं ते मिळालं होतं, आणि मिळाल्यावर त्याला घाम फुटला. कारण गंजीत जोडलेले स्वतःचे हात तो विसरला नव्हता. त्यानं सराव सुरू केला. दिवेलागणीला तो पितळी परात दोन्ही हातांनी स्टिअरिंगसारखी धरून सोप्यात बसायचा आणि रत्नम्मांनी ट्यूब लावायची. पहिल्या दिवशी परात पायावर पडली. दुसऱ्या दिवशी ट्यूब लागताना तो मोठ्यानं बाराखडी म्हणत राहिला, परात पडली ती 'खे'ला. रत्नम्मांना हे सगळं पापाचं वाटत होतं. एवढा मोठा मुलगा दिवा लागला तरी हात न जोडता भांडं धरून बसतो, हे शेजाऱ्यांना काय सांगायचं. त्या त्याच्या वाटचे नमस्कारही करून टाकायच्या. पण लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत परात हातात राहू लागली. बसूनं येऊन स्वतः बटणाची उघडझाप केली, पुन्हा पुन्हा, कौतुकानं. महेश्वरच्या बोटांची पेरं पांढरी पडली, पण हात सुटले नाहीत.

लग्न दुधनीत झोकात झालं. अक्षता पडल्या, जेवणं उठली, आणि अंधारात सारं गाव मोटारीभोवती जमलं. महेश्वर उजव्या दारानं आत शिरला. मुंडावळ्या बाजूला सारून त्यानं किल्ली फिरवली. मोटारीनं दोनदा खाकरून घेतलं आणि सुरू झाली. वीरभद्रप्पांनी चारचौघांत मान डोलावली. शिवानी शेजारी येऊन बसली, शालू सावरून, आणि तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. चांगल्या नजरेनं पाहिलं. मागे सिद्रामप्पा आणि रत्नम्मा.

गाव मागं पडलं तसं महेश्वरनं बटण ओढलं. दिवा लागला. मागच्या सीटवर चार हात जोडले गेले. महेश्वरचे स्टिअरिंगवरच राहिले.

मग खड्डा आला, दिवा विझला, लागला. हात राहिले. पुन्हा खड्डा. राहिले. मागे सिद्रामप्पा आता नुसते हात जोडूनच बसले होते, दर वेळी खाली घ्यायचे कष्ट कोण करणार. महेश्वर दात आवळून रस्ता बघत होता आणि त्याच्या मनात येत होतं की आपल्याला जमतंय. अप्पांना जमायला मिळालं नाही, ते आपल्याला जमतंय. शिवानीनं काटा बघून सांगितलं की पाणी बरं आहे. तो हसलासुद्धा.

अक्कलकोटच्या अलीकडं रस्ता एका टेकाडावरून उतरतो आणि खाली एक गाव लागतं. त्या गावची लाइट गेलेली होती. खाली नुसता काळोख, त्यात घरं असतील असं वाटावं एवढंच. मोटार उतारावर होती, बऱ्या वेगात. आणि तेवढ्यात लाइट आली.

महेश्वरचा सराव एका ट्यूबचा होता. इथं एकदम सगळं गाव लागलं. खांबांवरचे दिवे, देवळाच्या कळसावरची माळ, शाळा, पिठाची गिरणी, पाण्याच्या टाकीवरचा मोठा झोत, घराघरांतले बल्ब, आणि गावातून "आली आली" असा एकच ओरडा. महेश्वरचे हात परातीच्या काठावर असते तर परात आकाशात गेली असती. त्याचे डोळे मिटले गेले. दोन्ही हात छातीशी आले. मागे सिद्रामप्पांनी या वेळी कपाळसुद्धा टेकवलं.

समोर एसटीचा निवारा होता, त्याच्या बाकावर पाण्याचं एक पिंप. मोटार त्याच्याकडे निघाली होती. मग तिनं, कुणीतरी समजावून सांगितल्यासारखं, वळण घेतलं, निवारा डावीकडं ठेवला, रस्त्याच्या मधोमध आली आणि चालत राहिली. महेश्वरनं डोळे उघडले. स्टिअरिंगवर एक हात होता. त्यात हिरव्या बांगड्या होत्या.

शिवानीनं उजव्या हातानं चाक धरलं होतं. डावा हात तिनं गळ्याशी नेला होता, तिथून कपाळाला लावला, आणि पदर सावरायला खाली घेतला. नजर पूर्ण वेळ रस्त्यावर होती. मोटार टेकाड उतरून सपाटीला लागली तेव्हा ती म्हणाली, "ब्रेकवर पाय ठेवा आता. हळू."

मोटार थांबली. इंजिनातून पाण्याची बारीक सळसळ येत होती. महेश्वरला वाटलं, आता ती विचारणार. तिनं विचारलंच. "ह्या मोटारीवर पयल्यांदाच बसलाय न्हवं?"

"व्हय," महेश्वर म्हणाला. आता तोंडात घासही नव्हता.

शिवानीनं त्यावर विचार केला. गंज, परात, बाराखडी, हे सगळं त्यानं तिला तिथंच, रस्त्याच्या कडेला, सांगून टाकलं. ती ऐकत होती. परातीपाशी तिनं तोंडावर पदर धरला. सरका, म्हणाली. तो डाव्या बाजूला सरकला, ती उतरून मोटारीला वळसा घालून उजव्या दारानं आत आली.

मागून सिद्रामप्पांचा आवाज आला. मोटारीत दुसरं कुणी बसलं याबद्दल ते बोलत नव्हते. त्यांना भलतंच खुपत होतं.

"तायी, डाव्या हातानं नमस्कार केलीस व्हय?"

"उजवा कामात हुता, अज्जा," शिवानी म्हणाली आणि मोटार सुरू केली.

खड्डे येत होते, दिवा विझत होता, लागत होता, आणि दर वेळी शिवानीचा एक हात गळ्याशी जाऊन परत येत होता, दुसरा चाकावरून हलत नव्हता. सिद्रामप्पा पुढं वाकून ते बघत होते. अक्कलकोट आलं, गेलं. रत्नम्मांनी धीर करून सांगायला सुरुवात केली की त्या दिवशी घाईत माझ्याच तोंडून निघालं, त्याचं काही नव्हतं त्यात, पण त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. सोलापूरच्या अलीकडं कुठंतरी सिद्रामप्पांनी निकाल दिला.

"उजवा कामात असला तर चालतंय," ते म्हणाले. मग म्हणाले, "हे आदी कुनी सांगितलं असतं तर..." आणि तो 'तर' त्यांनी तसाच सोडला; किल्ली त्यांच्याच खिशात राहिली असती.

शहराचे दिवे लागलेलेच होते, त्यात नवं काही नव्हतं. पेठेच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीसमोर, शिवानीनं मोटार बाजूला घेतली. गल्लीतून बँडचा आवाज येत होता. ती महेश्वरला म्हणाली, हितनं तुमी चालवा. मानसं जमली असतील. दुधनीतबी तुमीच हुता की चाकावर.

महेश्वरला ते मनापासून हवं होतं. सारी पेठ दारात असणार. वऱ्हाडाबरोबर पुढं आलेले अप्पा असणार. त्यानं दाराच्या कडीला हातही लावला. मग त्याला अप्पांची बहीण, निंगव्वाआत्ती, आठवली. आत्ती ओवाळायचं ताट घेऊन पायरीवर उभी असणार. वाऱ्यानं वात विझते म्हणून आत्ती ती आधी कधीच लावत नाही. मोटार अगदी पुढ्यात आली की मगच काडी ओढते.

त्यानं कडी सोडली.

"तूच ने," तो म्हणाला. "आत्तीचे पाय बघून थांबव."

बँड वाजत होता. मोटार गल्लीत शिरली तशी माणसं भिंतींना चिकटली, आणि नवरी चाकावर आहे हे दिसल्यावर सनईवाला एक ओळ चुकला. निंगव्वाआत्तीनं बॉनेट पुढ्यात आलेलं पाहून काडी ओढली. मोटारीत तीन माणसांनी दोन्ही हात जोडले. चौथीनं एक हात गळ्याशी नेला आणि आत्तीच्या पायांपासून हातभर अंतरावर ब्रेक लावला.

पेठेनं पाहिलं की नवरा हात जोडून, डोळे मिटून, खाली मान घालून बसलाय. पोरगा गुणाचा आहे, असं दोन-तीन बायका म्हणाल्या. आत्ती ताट घेऊन सवयीनं डाव्या खिडकीशी गेली, तिथं नवरा दिसला म्हणून वळसा घालून उजव्या खिडकीशी आली. तिनं ताट उचलून थरथरत्या खिडकीवर टेकवलं, थांबली, आणि शिवानीला म्हणाली, "आदी इंजिन बंद कर, बाई. वात हलतीय."